धाप

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा बैलांची खांदेमळण करायचे. हळद-तुपाचा हात वशिंडापुढच्या घट्ट्यावरून फिरवताना एक शब्द बोलायचे नाहीत. बोटांना गाठ लागली की तिथंच थांबायचे. आता दावणीला बैल नाहीत. त्या संध्याकाळी मी ग्रीसगन घेऊन छोट्या ट्रॅक्टरखाली शिरतो. पुढच्या एक्सलची किंगपिन, स्टेअरिंगचे सांधे, क्लच पेडलची पिन. जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेस्तोवर दाबत राहायचं.

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला तो बी-275, असं आबा सांगत. महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या 1963 सालच्या भागीदारीतून निघालेला, 35 अश्वशक्तीचा. आबांनी त्याच्याकडून काळं रान नांगरून घेतलं, पण मोसंबीत त्याला शिरू दिलं नाही. "झाडाची खाती मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. एवढं धूड फिरलं तर माती गच्च बसंल," म्हणायचे. बाग बैलांनीच वखरली.

1972 च्या दुष्काळात कडबा संपला, विहीर आटली, निम्मी बाग वाळली. आबा-आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होते, सुकडीवर दिवस काढत होते. एक बैल विकावा लागला. पुढच्या पेरणीला उरलेला बैल शेजाऱ्याच्या एकट्या बैलाशी सावडीत जुंपला. आजी सांगायची, दुसऱ्याचा म्हणून आबा त्या बैलाला काकणभर जास्तच जपत. तो धापत आला की आधी सावली, मग पाठीवरून हात, श्वास खाली बसला की मग पाणी.

बागेत चालेल असा ट्रॅक्टर आमच्या पिढीला मिळाला. महिंद्राचा युवराज 215 या जातीतला सगळ्यांच्या ओळखीचा: एक सिलिंडर, 15 अश्वशक्ती, वजन आठ क्विंटलच्या आसपास. आमचाही त्याच ताकदीचा. बुटका, अरुंद, फांद्यांखालून निघून जाणारा. मागे रोटाव्हेटर लावा, नाहीतर पीटीओवर फवारणीचा पंप.

पहिल्याच उन्हाळ्यात मी चुकलो. गवतात रोटाव्हेटर चालवत होतो, भुसा रेडिएटरच्या जाळीत गच्च बसला. काटा लालवर गेल्यावर घाबरून इंजिन बंद केलं, कापडानं झाकण उघडलं आणि हौदातलं गार पाणी ओतलं. हेडला तडा गेला. आबा तेव्हा नव्वदीला टेकले होते. बांधावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. "लेका, धापलेल्याला लगेच पाणी पाजतं का कुणी?"

तेव्हापासून कामाआधी जाळी फुंकून काढतो. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनरची वाटी रोज उघडतो. तळाशी गाळ दिसला की तेल बदलतो, कारण तीच धूळ आत गेली तर पिस्टन आणि लायनर खाते. इंजिन ऑइलची पट्टी सपाट जागी, गार इंजिनावर बघतो. संध्याकाळी डिझेलची टाकी भरून ठेवतो, म्हणजे रात्रीच्या गारव्यानं रिकाम्या जागेत पाणी धरत नाही.

आबा गेले, सावड राहिली. परवा ट्रॅक्टर शेजाऱ्यांची बाग फवारून आला. सावलीत उभा केला, पण स्टॉपची कडी लगेच ओढली नाही. तीन-चार मिनिटं मंद चालू दिला. बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो. इंजिनाची धाप खाली बसली, मग कडी ओढली.