नव्या पिकअपने किती ऑइल खावे?

गॅरेजमध्ये इंजिनाच्या दोन दुखण्यांना दोन वेगळे शब्द आहेत. गाडी ऑइल गळते आणि गाडी ऑइल खाते. गळणे सोपे दुखणे. गाडी उभी केली तिथे काळा डाग पडतो, पोरालाही कळते. खाणे मात्र दिसत नाही. ऑइल पिस्टनच्या रिंगांवरून वर चढते, पेट्रोल-डिझेलबरोबर जळते आणि सायलेन्सरमधून निघून जाते. फार झाले तरच निळसर धूर दिसतो. जुनी, दोन-तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी ऑइल खाऊ लागली तर मिस्त्री म्हणतो, रिंगा गेल्या, काम काढा. पण शोरूममधून आणून वर्ष झालेली गाडी खाऊ लागली तर? अमेरिकेत या प्रश्नावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्या भांडणाची मुळे पन्नास वर्षांमागच्या तेलसंकटात आहेत.

आधी थोडे मागे जाऊ. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला डिपस्टिकच नव्हती. इंजिनाखाली दोन छोट्या तोट्या होत्या. गाडीखाली वाकायचे, वरची तोटी उघडायची. ऑइल आले नाही तर खालची उघडायची. तिच्यातूनही आले नाही तर गाडी पुढे नेण्यात अर्थ नाही. त्या काळी मोटार ऑइल खाणारच, हे मालकाने गृहीत धरलेले असे.

ही सवय मोडली ती पिस्टनच्या रिंगांनी. एका पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः जळणाचा दाब धरून ठेवतात, तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून खाली पाठवते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हेगर्सटाउन नावाच्या लहान गावी अशा रिंगा करणारी 'परफेक्ट सर्कल' नावाची नामांकित कंपनी होती. तिचे एक अध्यक्ष राल्फ टीटर. पाच वर्षांचे असताना एका अपघातात त्यांची दृष्टी गेली, तरी ते इंजिनिअर झाले आणि यंत्राचे भाग बोटांनी चाचपून ओळखत. मोटारींतल्या 'क्रूझ कंट्रोल'चा शोधही त्यांचाच. अंध मुलांना विज्ञान कसे शिकवणार, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे नाव नेहमी सांगतो. असो. रिंगा, ऑइल आणि सिलिंडरचे घडकाम सुधारत गेले, तशी नवी गाडी ऑइल खात नाही अशी लोकांची समजूत पक्की झाली. ती चुकीची नव्हती.

मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब देशांनी अमेरिकेला तेल देणे थांबवले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, की प्रत्येक कंपनीने विकलेल्या गाड्यांचे सरासरी मायलेज ठरलेल्या आकड्याच्या खाली जाता कामा नये. १९७८ च्या मोटारींपासून अंमल सुरू झाला. १९८५ साठी ठरलेला आकडा होता गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर. पिकअप ट्रकसाठी निकष वेगळा आणि सैल होता, पण होता.

आता मोठ्या इंजिनाचे मायलेज वाढवायचे कसे? एक युक्ती अशी, की गाडी सावकाश चालली असताना काही सिलिंडर बंदच ठेवायचे. १९८१ साली कॅडिलॅकने आठ सिलिंडरचे इंजिन गरजेप्रमाणे सहावर किंवा चारवर चालेल अशी सोय केली. त्या काळच्या संगणकाला ते झेपले नाही, गाड्या हिसके देऊ लागल्या आणि कित्येक मालकांनी ती सोयच तोडून टाकली. बहुतेक मॉडेलांतून ती वर्षभरातच गेली. दुसरी युक्ती, ऑइल पातळ करायचे. तिसरी, रिंगांचा ताण कमी करायचा, म्हणजे त्या सिलिंडरच्या भिंतीवर कमी घासतात आणि इंधन वाचते. या शेवटच्या युक्तीत जोखीम उघड आहे. ढिल्या रिंगेला ऑइल खरवडायचेही असते. खाचेत कार्बन साचून ती अडकली, की खरवडणे थांबते.

२००५ च्या सुमारास सिलिंडर बंद ठेवण्याची युक्ती नव्या संगणकांसह परत आली. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटरच्या इंजिनात ती होती आणि शेव्हर्ले सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा या पिकअपमध्ये ते इंजिन होते. गाडी रिकामी, रस्ता सपाट असला की आठांपैकी चार सिलिंडर गप्प बसत. ही उघडझाप ऑइलच्याच दाबावर चाले आणि जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून ऑइलचा फवारा इंजिनाच्या पोटात उडे. काही गाड्यांत तो पिस्टनपर्यंत पोचून रिंगांच्या खाचा कार्बनने भरू लागल्या, स्पार्क प्लग खराब होऊ लागले. कंपनीने आपल्या डीलरांना पत्रक काढले: व्हॉल्व्हपुढे पत्र्याची आड बसवा, पिस्टन रसायनाने साफ करा, क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत ओढणाऱ्या वाटेनेही ऑइल जाते, म्हणून व्हॉल्व्हचे झाकण बदला. फेब्रुवारी २०११ पासून ती आड कारखान्यातच बसून येऊ लागली. त्यानंतरच्या गाड्यांचे मालकही तक्रारी घेऊन आले. दोष रिंगांतच आहे, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने ते मानले नाही. २०१६ च्या अखेरीस खटला दाखल झाला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने कॅलिफोर्नियासह काही राज्यांतल्या सुमारे ३८ हजार मालकांच्या बाजूने १० कोटी २६ लाख डॉलरचा निकाल दिला. माणशी २,७०० डॉलर.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतो तो 'नॉर्मल' हा शब्द. कंपनीच्या पत्रकानुसार ३,२०० किलोमीटरला ०.९४६ लिटर ऑइल जाणे स्वीकारार्ह आहे. हिशोब करून पाहा. त्या इंजिनात सुमारे ५.७ लिटर ऑइल मावते. मालकाने १२ हजार किलोमीटर डिपस्टिक काढलीच नाही, तर या 'स्वीकारार्ह' दराने साडेतीन लिटर जाते आणि उरते दोनच्या आसपास. आणि डिपस्टिक का काढली नाही? कारण समोर पडद्यावर 'ऑइल लाइफ' अजून शिल्लक दिसते. तो आकडा इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइल किती जुने झाले हे सांगतो. ते किती उरले, हे तो मोजतच नाही.

फोर्डची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१८ ते २०२० च्या एफ-१५० पिकअपमधल्या ५ लिटरच्या इंजिनाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने सांगितलेल्या उपायात दोन गोष्टी होत्या. संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलणे आणि डिपस्टिक बदलणे. नव्या डिपस्टिकवर वरच्या आणि खालच्या खुणेतले अंतर वाढले होते. प्रोग्रॅमिंगला तांत्रिक कारण होते, ते मी नाकारत नाही. पण मोजपट्टीच बदलली तर मालकाला शंका येणारच. मिशिगनमध्ये त्यावरही खटला गुदरला.

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वालिद भाजीपाल्याची पिकअप चालवतात. गेल्या वर्षी ते गाडीचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "सर, सर्व्हिसवाले म्हणतात एवढं ऑइल जाणारच, पुस्तकात लिहिलंय. बघा बरं कुठं लिहिलंय." गाडी दीड वर्षाची, हप्ते चालू. मी शोधले, तर इंग्रजीत खरेच एक ओळ होती, की ऑइलचा वापर गाडी कशी चालवता यावर अवलंबून असतो. आकडा कुठेच नव्हता. उर्दूत याला आपण खपत म्हणतो. मराठीत खपणे म्हणजे विकले जाणे, राबणे आणि मरणेही. इंजिनाच्या बाबतीत तिन्ही अर्थ जुळतात, असे मी म्हटले तेव्हा ते हसले नाहीत.

आपल्या पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात आणि त्यांत सिलिंडर बंद ठेवण्याची भानगड नाही, म्हणून अमेरिकेतले निदान इथे जसेच्या तसे लावू नये. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बहुतेक डिझेल गाड्यांना आला. जळलेल्या ऑइलची राख या फिल्टरमध्ये साचते, आणि काजळीसारखी ती जाळून काढता येत नाही. शिवाय काजळी जाळताना थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणजे ऑइल कमी होत असताना डिपस्टिक मात्र भरलेली दिसेल. पातळी आपोआप वाढलेली दिसली, वास डिझेलचा आला, तर खूश होऊ नये. ऑइल बदलावे आणि गाडी दाखवावी.

त्या गृहस्थांना मी अमेरिकेतल्या डीलरांचीच रीत सांगितली. सपाट जागी, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटांनी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचे, किलोमीटर लिहायचे. दर हजाराला त्याच जागी, तशाच वेळी पाहायचे, घातलेले ऑइल मापाने लिहायचे, डब्याची पावती ठेवायची. तीन हजार झाले की सर्व्हिस सेंटरला तोंडी न सांगता लेखी द्यायचे, पोच घ्यायची, आणि त्यांचा 'नॉर्मल'चा आकडा किती तो लेखी मागायचा. वॉरंटी संपण्याच्या आत. रिंगांच्या आधी वाफेची वाट, टर्बो आणि व्हॉल्व्हची सीलं तपासायला सांगायची, कारण इंजिन खोलण्याचा खर्च मोठा आणि तो कुणी करायचा यावरच सगळे भांडण असते.

त्यांनी वही केली. तारीख आणि किलोमीटर उर्दूत, मिलिलिटर इंग्रजीत. तीन हजारांत साडेआठशे मिलिलिटर भरले. लेखी अर्ज आम्ही दोघांनी मराठीत लिहिला आणि पोच घेतली. आकडा मात्र अजून त्यांना कुणी लेखी दिलेला नाही.