सुंदरी का कोसळली?

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील त्या खचलेल्या स्त्रीला लोक ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणत आले. अभ्यासकांच्या मते ती नंदाची पत्नी सुंदरी. सेवकाच्या हाती पतीचा मुकुट तेवढा परत आला आहे! अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात ती नंदाला बजावते, चेहऱ्यावरची ओली नक्षी वाळण्यापूर्वी परत या. तो निघतो. बुद्ध त्याच्या हाती भिक्षापात्र देतात, आणि थोरल्या भावाला नाही म्हणवत नाही म्हणून नंद मागोमाग चालत राहतो. मुंडन होताना तो रडतो. यास वैराग्य म्हणावे काय? मला तर तो भिडस्त धाकटा भाऊ वाटतो. असे आपल्याही घरांतून असतात. पुढे अप्सरांच्या लोभाने तो तप आरंभतो, आणि अखेर खरोखरच मुक्त होतो. हे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याने भिक्षूंसाठी कोरविले. चित्रकाराने मात्र तेथे सर्वांत जिव्हाळ्याने रंगविली ती मागे राहिलेली बायको.