मॅट्रिक ते दहावी

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्णांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. मुळात ही महाविद्यालयाच्या प्रवेशाची परीक्षा. पण मॅट्रिक झालेल्याला सरकारी कचेरीचे दार उघडू लागले आणि एका निकालावर साऱ्या घराची आशा टांगली गेली. परीक्षेची धास्ती मुख्यतः इथलीच. त्यात बहुतेक पेपर इंग्रजीतून, म्हणून घोकंपट्टी आलीच. 1948 च्या कायद्याने ही परीक्षा विद्यापीठाकडून एसएससी मंडळाकडे गेली. 1975 पासून ती अकरावीऐवजी दहावीला आली. पहाटेचे पाठांतर, अपेक्षित प्रश्नसंच, सराव परीक्षा या तयारीच्या रीती रुळल्या. त्यांतली सराव परीक्षाच खरी उपयोगाची: घड्याळ लावून सोडवलेल्या पेपरांमुळे तीन तासांचा अंदाज येतो आणि परीक्षेच्या दिवशी हात कापत नाही.