एन्डोथेलियल नायट्रिक ऑक्साइड सिंथेज

एन्डोथेलियल नायट्रिक ऑक्साइड सिंथेज (संक्षेपाने ईनॉस) हे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींमध्ये आढळणारे विकर आहे. ते एल-आर्जिनीन या ॲमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा वायू लगतच्या स्नायुपेशींना शिथिल करतो. त्यामुळे रक्तवाहिनी रुंदावते. विकराचे प्रमाण तेवढेच असतानाही त्याच्याशी रासायनिक गट जोडून किंवा त्यापासून काढून पेशी त्याची सक्रियता बदलू शकते.

शोध

ॲसिटिलकोलीनमुळे रक्तवाहिनी शिथिल होण्यासाठी आतील अस्तर शाबूत असणे आवश्यक असते, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. हा परिणाम नायट्रिक ऑक्साइडमुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले. फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फॉस्फोरिलीकरण

कॅल्शियमयुक्त कॅल्मोड्युलिन हे प्रथिन जोडले गेल्यावर ईनॉस कार्यरत होते. मानवी ईनॉसमधील ११७७ क्रमांकाच्या सेरीनला फॉस्फेट गट जोडल्यास विकराची सक्रियता वाढते आणि कॅल्शियमची पातळी कमी असतानाही ते काम करते. रक्तप्रवाहाचे घर्षण व इन्शुलिन यांच्यामुळे एकेटी हे विकर ही जोडणी घडवते. याउलट ४९५ क्रमांकाच्या थ्रिओनीनवरील फॉस्फेट कॅल्मोड्युलिनच्या जोडणीत अडथळा आणतो. फॉस्फेटेज विकरे हे गट काढून टाकतात.

मेदाम्लांची जोडणी

ईनॉसला मिरिस्टिक आम्ल कायमस्वरूपी, तर पामिटिक आम्ल तात्पुरते जोडलेले असते. त्यांच्या आधारे विकर पेशीपटलावरील कॅव्हिओली नावाच्या सूक्ष्म खळग्यांत स्थिरावते. तेथील कॅव्हिओलिन-१ हे प्रथिन त्याला निष्क्रिय ठेवते. कॅल्मोड्युलिन जोडले गेल्यावर ही पकड सुटते.

रोगांशी संबंध

मधुमेहात रक्तातील साखर वाढलेली असताना ११७७ क्रमांकाच्या त्याच सेरीनवर शर्करेपासून बनलेला गट जोडला जाऊ शकतो. अशा वेळी तेथे फॉस्फेटला जागा राहत नाही व नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटते. ऑक्सिडीकारक ताणात सिस्टीनला ग्लुटाथायोन जोडले गेल्यास ईनॉस नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड तयार करू लागते. सुपरऑक्साइड उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावून पेरॉक्सिनायट्राइट हे हानिकारक संयुग बनवते. अशा प्रकारे रक्तवाहिनीचे संरक्षण करणारे विकरच तिच्या हानीस कारण ठरते. त्यामुळे अस्तराच्या आरोग्याचा अभ्यास करताना ईनॉसच्या प्रमाणाइतकीच त्याची रासायनिक स्थितीही महत्त्वाची मानली जाते.