मुरंजनाचा डोंगर

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला लांबरुंद, सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि त्याला चिकटून एक सुळका. डोंगर म्हणजे प्रबळगड, सुळका म्हणजे कलावंतीण. हल्ली गर्दी सगळी सुळक्याकडे. कड्यात खोदलेल्या पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचे, उतरायचं. शेजारच्या प्रबळकडे फारसं कोणी वळत नाही. इतिहास मात्र सगळा त्याच्याच पदरात. त्याचं जुनं नाव मुरंजन.

भाचीच्या पोराच्या बारशाला माणातून पनवेलला आलो होतो. दुसरा दिवस मोकळा होता. जावई म्हणाले, "मामा, जाऊ या, पण दिवस मोडेल." दिवस मोडलाच, गुडघेही बोलायला लागले.

ठाकूरवाडीतून उजाडता उजाडता निघालो. माचीपर्यंत दोन तास. वाटेत कातळात कोरलेले गणपती आणि मारुती भेटतात. प्रबळमाचीवर ठाकर समाजाची वस्ती आहे. तिथं एका घरी चुलीवरचा चहा घेतला आणि त्या घरचे बाबा वाट दाखवायला सोबत आले. खरी चढण पुढे आहे. दोन कड्यांच्या मधली घळ, त्यात बैलाएवढे धोंडे आणि पायाखाली सुटी माती. मी दर दहा पावलांना थांबत होतो. बाबा अनवाणी. मागं वळून म्हणाले, "घाई नका करू. डोंगर कुठं पळतोय?"

माथ्यावर पोचलं तरी किल्ला दिसत नाही, दिसतं ते जंगल. झाडीत शिरलं, की एखादा चौथरा, पाण्याचं टाकं, पडलेलं गणपतीचं देऊळ, भिंत फोडून वर आलेली मुळं. सोबत माहीतगार नसेल तर माणूस तासभर त्याच त्या झाडाभोवती फिरेल.

या रानात 1636 साली शहाजीराजे आले होते. निजामशाही बुडत होती, एका पोरसवदा निजामाला पुढं करून ते ती तगवायला बघत होते, आणि मागं मुघल व आदिलशाही फौजा. बरोबर जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजी. चौलच्या पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. मग मुरंजन सोडून माहुली गाठली आणि तिथं वेढ्यात शरण जावं लागलं. ती घळ चढून आलेल्या माणसाला हे वाचताना वेगळंच वाटतं. त्या पोराला कुणी खांद्यावर घेतलं असेल, की ते स्वतःच चढलं असेल? बखरी असलं काही सांगत नाहीत.

पुढं गड स्वराज्यात आला, 1665 च्या पुरंदरच्या तहात मुघलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत गेला आणि 1670 मध्ये परत आला. त्या लढाईत मुघलांचा किल्लेदार केसरसिंह हाडा पडला. गडावरच्या बायकांनी जोहार केला. मागं उरली ती त्याची म्हातारी आई आणि दोन लेकरं. महाराजांनी त्यांना मानानं त्यांच्या माणसांकडे पोचवल्याचं सांगतात. मला या गडाची लढाईपेक्षा ही म्हातारी जास्त आठवते. इंग्रजी अमलात, 1826 च्या सुमारास, उमाजी नाईक आणि त्यांचे साथीदारही इथं काही दिवस दडले होते.

साहेबालाही हा डोंगर आवडला होता म्हणे. माथेरान समोरच आहे, तसंच थंड हवेचं गाव इथं वसवायचा विचार होता, पण पाणी पुरेना म्हणून सोडून दिला. आम्ही माणदेशी माणसं, आमची नजर आधी पाण्याकडे जाते. मी टाकी बघत होतो, जावई कडे बघत होते. पाण्यावाचून साहेब माघारी गेला, त्याच डोंगराच्या माचीवर ठाकर मात्र राहिले. त्यांतल्या एकाचंही नाव कागदावर नाही.

कड्यावरून बाबांनी इर्शाळगड दाखवला. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी होती, तीही ठाकरांचीच. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. बाबा त्या डोंगराकडे बोट करून एवढंच म्हणाले, "आमचे पाव्हणे होते तिथं." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

उतरताना घळीत मी जवळपास बसूनच सरकत होतो. माची ओलांडून खाली निघालो तोवर ऊन कललं होतं. वाटेत एक बाई डोक्यावर तांदळाचं गठुडं घेऊन वर येत होती. जावयांनी विचारलं, "मावशी, खाली घर मिळालं तर याल का राहायला?"

ती थांबली, पण गठुडं काही खाली ठेवलं नाही.

"जमीन देत्यात का त्याच्यासंगं?" तिनं उलट विचारलं. आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. "मग बघू," म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून झपाझप निघून गेली.