आंतरजालावरील प्रकाशन आणि नियंत्रक कायदे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आंतरजालावरील मजकुराचे नियमन ही नव्या शतकाची बाब मानली जात असली, तरी त्यामागील शासकीय दृष्टिकोन मुद्रणाच्या काळातील आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने भारतीय भाषांतील पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकांकडून जामीन घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. इंग्रजी पत्रे मात्र वगळली होती. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत कायदा रद्द झाला, परंतु आक्षेपार्ह काय हे कोणी ठरवावे, हा प्रश्न उरला.

कलम ६६अ :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६अ समाविष्ट झाले. 'घोर आक्षेपार्ह', 'उपद्रव' अशा व्याख्या नसलेल्या शब्दांवर आधारलेल्या या कलमात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी तरुणी व त्यास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना पालघर येथे अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. मजकूर रोखण्याचा कलम ६९अ चा अधिकार मात्र कायम राहिला. रद्द कलमाखाली गुन्हे नोंदविणे न थांबल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयास पुन्हा आदेश द्यावे लागले.

२०२१ चे नियम :
फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी डिजिटल वृत्तप्रकाशकांवर आचारसंहिता लादली. पत्रकार निखिल वागळे आदींच्या याचिकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या सक्तीस स्थगिती दिली. केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार शासकीय तथ्यतपासणी कक्षास देणारी २०२३ ची दुरुस्तीही विनोदकार कुणाल कामरा आदींच्या याचिकांवर याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविली.

निष्कर्ष :
१८७८ मध्ये बंद असलेले न्यायालयाचे दार आज उघडे आहे, हा मूलभूत फरक होय. तथापि कलम ६६अ ऑक्टोबर २००९ पासून पाच वर्षांहून अधिक काळ अंमलात राहिले. हिवरखेडसारख्या वऱ्हाडातील गावातून बातमीपत्र चालविणाऱ्यास नागपूर खंडपीठापर्यंतचा खर्च व कालावधी पेलणे कठीण असते. निकालापूर्वीच तो लेखणी आवरतो. म्हणून संदिग्ध शब्दांची दुरुस्ती न्यायालयावर न सोपविता कायदा करतानाच होणे आवश्यक आहे.