आचरेकर, रमाकांत विठ्ठल

(१९३२ – २ जानेवारी २०१९). मुंबईतील क्रिकेट प्रशिक्षक. जन्म मालवणचा. लहानपणीच मुंबईत आले आणि दादर-शिवाजी पार्कचेच झाले. १९४५ च्या सुमारास न्यू हिंद स्पोर्ट्‌स क्लबकडून ते क्लब क्रिकेट खेळू लागले. पुढे यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा संघांतूनही खेळले. नोकरी स्टेट बँकेत. प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला. १९६३-६४ च्या हंगामात हैदराबादला मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेच्या संघातून खेळले. खेळाडू म्हणून त्यांची नोंद इथेच संपते.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे मुख्य काम शिवाजी पार्कच्या मैदानावर आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात झाले. पार्कात त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला. नेटमध्ये तासन्‌तास बॅट फिरवण्यापेक्षा सामना खेळावा, चुकावे आणि पुन्हा खेळावे, असा त्यांचा खाक्या होता. त्यांचा शिष्य सचिन तेंडुलकर याने पहिल्या उन्हाळी सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळल्याचे नमूद केले आहे. सकाळी नेट, दिवसा सामना, संध्याकाळी पुन्हा नेट आणि शेवटी पॅड-ग्लोव्हज न काढता पार्काला दोन फेऱ्या, असा तो दिवस असे. एका मैदानावर बाद झालेल्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून सर दुसऱ्या मैदानावरच्या सामन्यात नेऊन उतरवत. स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवण्याची त्यांची रीत सर्वश्रुत आहे. फलंदाज बाद झाला नाही तर नाणे त्याचे, बाद झाला तर ते बाद करणाऱ्याला मिळे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

सचिनला त्यांच्याकडे आणले मोठा भाऊ अजित याने, १९८४ मध्ये. सरांसमोर पोराचा खेळ काही खुलला नाही. तेव्हा अजितने विनंती केली की निघून गेल्यासारखे दाखवा आणि लांबून पाहा. सरांनी झाडाआडून पाहिले आणि प्रवेश दिला. या कथेत सारे श्रेय सहसा शिष्याच्या प्रतिभेला दिले जाते. आपली पहिली पारख चुकली असेल हे मान्य करून पुन्हा पाहायला तयार होणारा गुरू मात्र दुर्लक्षित राहतो. बॅटच्या पकडीबाबतही तेच झाले. दांडा फार खाली धरण्याची सचिनची सवय सरांना बदलायची होती. त्याला ते जमेना, तेव्हा त्यांनी हट्ट सोडला. वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात यावे, हा सल्लाही त्यांचाच. त्यापायी सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आझाद मैदानावर सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रमकडून सचिन (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. भागीदारीचा हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. सर त्या वेळी मैदानावर नव्हते. डाव सोडा, असा त्यांचा निरोप आला होता. पोरांनी तो कानाआड केला. उपाहाराच्या वेळी सरांना फोन लावून कांबळीने साडेतीनशेसाठी एक धाव मागितली. मिळाली नाही. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला आणि त्याच कांबळीने मग ३७ धावांत सहा बळी घेतले. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार या सगळ्या काळात पॅड बांधून बसून होता.

सरांची शिस्त आजच्या पालकांना झेपली नसती. आपला सराव सामना टाकून सचिन एकदा वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना पाहायला गेला, तेव्हा त्याने सरांची थप्पड खाल्ली आणि हातातला डबाही उडाला. टाळ्या वाजवायला येण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे खेळ, असे त्यांनी सुनावले. ‘छान खेळलास’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. फार खूश झाले तर वडापावला पैसे देत. पण मुलांना त्यांचे घरही खुले होते. तिथे मटण, पाव, लिंबू आणि कांदा असा बेत असे आणि घरातल्या लेकी वाढायला असत, असे सचिनने सांगितले आहे. मैदान आणि संसार यांच्यात सरांनी कुंपण घातले नाही. कन्या कल्पना मुरकर पुढे प्रशिक्षणातच उतरल्या आणि क्लबचे काम पाहू लागल्या.

शिष्यांमध्ये १९८३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ग्रिनिजचा त्रिफळा उडवणारे बलविंदरसिंग संधू, पदार्पणाच्या कसोटीत डरबानला शतक काढणारे प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, अजित आगरकर, संजय बांगर ही नावे येतात. यादी कसोटीपटूंची म्हणून वाचली जाते. खरे तर ती प्रशिक्षकांची आहे. २००७ चा ट्‌वेंटी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत व्यवस्थापक म्हणून राजपूत होते. पंडित यांनी विदर्भाला आणि नंतर मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. बांगर भारताचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. भारताकडून एकदाही न खेळलेले मुझुमदार २०२५ मध्ये विश्वविजेत्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते. खेळाडू घडवणारे पुष्कळ असतात. आपली विद्या पुढे शिकवणारे इतके शिष्य एका पार्कातून निघावेत, हे मात्र विरळा, आणि आचरेकरांचे मोठेपण सचिनपेक्षा या यादीवरून मोजावे.

१९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. पक्षाघाताने हालचाली मंदावल्या, तरी नोव्हेंबर २०१३ मध्ये शिष्याच्या शेवटच्या कसोटीला ते चाकाच्या खुर्चीतून वानखेडेवर आले. निरोपाच्या भाषणात सचिनने, आता सामनाच उरला नसल्याने सरांनी ‘छान’ म्हणायला हरकत नाही, असे थट्टेने म्हटले. २०१९ मध्ये निधनानंतर त्यांच्यावर अंत्यसंस्कार शिवाजी पार्क स्मशानभूमीत झाले. सरकारी इतमाम मिळाला नाही म्हणून तेव्हा राज्य सरकारवर टीका झाली. ३ डिसेंबर २०२४ रोजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण सचिन तेंडुलकर आणि राज ठाकरे यांच्या हस्ते झाले.